'आस्क म्हणजे विचारणे' एवढंच पाठ केलंय? मग या चुका टाळा

"आय आस्क्ड टू हिम." हे वाक्य आठवड्यातून किती वेळा कानावर पडतं त्याचा हिशोब ठेवणं मी सोडून दिलंय. त्या 'टू'ला तिथे कुणीही बोलावलेलं नसतं, पण मराठीत आपण 'त्याला' विचारतो ना, मग तो 'ला' इंग्रजीत पण ओढून न्यायचाच. आस्क हिम. संपलं.

'आस्केड' असा उच्चार नको, शेवटी 'ड' नाही 'ट' येतो, आस्क्ट, आणि घाईत बोलणारे तर नुसतं आस्ट म्हणतात. 'आस्क अ डाउट' पण नको, डाउट म्हणजे शंका मनात असणं, विचारायचा तो क्वेश्चन.

पण माझा खरा राग आहे तो वहीत 'आस्क = विचारणे' असं लिहून पुढच्या शब्दावर उडी मारणाऱ्यांवर. मीही त्यातलाच होतो म्हणा. पहिली नोकरी, पिंपरीतली एक छोटी कंपनी, मशीनचे पार्ट बाहेरदेशी पाठवायची. जर्मनीतलं एक जुनं गिऱ्हाईक होतं. साहेब म्हणाले, "अरे, पेमेंट कधी सोडतायत ते जरा विचारून घे." मी झोकात मेल टाकला, वी आस्क फॉर युवर पेमेंट. मुदत संपायला अजून 18 दिवस होते! मला वाटलं मी विचारलं, तिकडे पोचलं ते मागितलं. दुसऱ्या दिवशी आमच्याच बिलाची कॉपी परत आली, तारखेभोवती लाल गोल, आणि खाली एक ओळ, काही प्रॉब्लेम झालाय का? साहेबांनी प्रिंटआउट माझ्यासमोर ठेवून एवढंच विचारलं, "हे विचारलंस का वसुलीला गेलास रे?" मग फोनाफोनी त्यांनीच केली, मी बाजूला उभा.

तेव्हापासूनची सवय अशी की आस्क लिहायच्या आधी वाक्य मराठीत म्हणून बघायचं. 'विचारलं' निघालं तर आस्क किंवा आस्क अबाउट, 'मागितलं' निघालं तर आस्क फॉर, 'ख्यालीखुशाली विचारली' निघालं तर आस्क आफ्टर. परमिशन आणि फेवर या दोघांना 'फॉर' नसला तरी चालतं, ते लाडके आहेत. याचं टेबल करून द्या सर, असं दर बॅचला कुणीतरी म्हणतंच. देत नाही. टेबलाचा फोटो काढतात आणि परत आस्क टू हिम.

आता एकाच शब्दात विचारणं आणि मागणं कसं आलं, तर त्याचं मूळच तसं आहे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद आस्कियन असं होतं, आणि त्याच्याही मागे जाऊन जे इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी या दोघींच्या पूर्वज भाषेतलं, मूळ सापडतं त्याचा अर्थ हवं असणं, शोधणं. त्याच मुळातून संस्कृतात इच्छति आलं. म्हणजे आस्क आणि आपली इच्छा या लांबच्या का होईना, बहिणी. हे एकदा डोक्यात बसलं की आस्क फॉर पाठ करावं लागत नाही.

यावरून लगेच फॉरवर्ड सुरू करू नका. 'आस्क हा शब्द आपल्या आस वरून इंग्रजांनी उचलला' असा एक मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय. आस ही आशेच्या घरची, तिचा इथे संबंध नाही, आणि इच्छेचं म्हणाल तर बहिणी म्हटलं मी, आई-मुलगी नाही. उच्चार जुळला की सोयरीक जुळवायची ही शॉर्टकटवाली खोड जाता जात नाही. विचारण्याचं खरं नातं बघायचंच असेल तर आपलं पुसणे बघा, विचारपूस मधलं. ते संस्कृतातल्या पृच्छति वरून आलंय, जर्मन लोकांचं फ्रागन त्याच कुळातलं, जुन्या इंग्रजीतही फ्रिग्नन म्हणून त्यांचा एक भाऊ होता पण तो वारला आणि सगळं काम आस्कवर पडलं.

शेवटची चूक, 'अ‍ॅक्स' म्हणणाऱ्याला हसणं. बऱ्याच आफ्रिकन-अमेरिकन आणि कॅरिबियन लोकांच्या तोंडी आय अ‍ॅक्स्ड हिम असतं, आणि आमच्याकडे दोन महिन्यांचा कोर्स झालेला पोरगा लगेच म्हणतो, सर त्याला इंग्लिश येत नाही. अरे बाबा, जुन्या इंग्रजीत आस्कियन आणि आक्सियन दोन्ही रूपं लिहिलेली आहेत. 1535 च्या छापील इंग्रजी बायबलमध्ये 'मागा म्हणजे तुम्हाला दिलं जाईल' या ओळीत चक्क अ‍ॅक्स आहे. इंग्लंडात छापखाना आणणारा कॅक्स्टन, त्याने 1490 मध्ये एका प्रस्तावनेत एक किस्सा सांगितलाय. वारा पडल्यामुळे जहाज अडकलं म्हणून एक व्यापारी केंटच्या किनाऱ्यावरच्या एका घरी गेला, खायला मागितलं, मुख्य म्हणजे अंडी, 'एग्ज'. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं, नुसती अंडी हवी होती. तिच्या भागात अंड्यांना 'आयरेन' म्हणायचे, दुसऱ्या कुणी तो शब्द उच्चारला तेव्हा तिला कळलं. आणि मागितलं या अर्थी कॅक्स्टनने लिहिलंय काय, तर अ‍ॅक्स्ड फॉर. भांडण झालं ते अंड्यांवरून, अ‍ॅक्सबद्दल कुणी ब्रसुद्धा काढला नाही.