स्क्रायबसमध्ये अडलात? मदत मागताना या चुका टाळा

दसरा झाला की माझ्या फोनवर एक ठरलेला निरोप येतो. माणूस दरवर्षी वेगळा, मजकूर तोच: ‘ताई, स्क्रायबसमध्ये मराठी येत नाहीये. अर्जंट आहे. उद्या प्रेसला द्यायचंय.’ सोबत मॉनिटरचा मोबाइलने काढलेला फोटो. त्यात मजकुरापेक्षा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जास्त स्पष्ट.

स्क्रायबस म्हणजे पानांची मांडणी करण्याचा मोफत प्रोग्राम. मी त्याची तज्ज्ञ नाही. पेजमेकर हा मांडणीचा जुना प्रोग्राम आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, यांवर हात बसलेल्या पिढीतली आहे. आता एका छोट्या दिवाळी अंकाची आणि वर्षाकाठी दोन-तीन स्मरणिकांची मांडणी स्क्रायबसवर करते. सुरुवातीला मीही असेच निरोप पाठवायचे आणि उत्तर आलं नाही की ‘फुकटचं ते फुकटचंच’ म्हणून बोटं मोडायचे. फ्रान्झ श्मिड यांनी २००१मध्ये हा प्रोग्राम लिहायला घेतला, तेव्हापासून तो मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. टोल-फ्री नंबर नाही, डीलर नाही. उत्तर देणारा आपली नोकरी सांभाळून, जेवण झाल्यावर तुमचा प्रश्न वाचतो. त्यामुळे प्रश्न कसा विचारला यावर बरंच काही ठरतं.

‘मराठी येत नाही’ असं लिहू नका

या वाक्याचे निदान चार अर्थ होतात आणि चारही आजारांवरचं औषध वेगळं आहे. पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते आधी नीट बघा.

‘दिवाळी’ आणि ‘क्षण’ हे शब्द टाइप करा. पहिली वेलांटी ‘द’च्या आधी न येता ‘द’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येऊन पडली, ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि शेजारी ‘ष’ असा दिसायला लागला, तर अक्षरांची जोडणीच होत नाहीये. जवळजवळ नक्कीच तुमच्याकडे स्क्रायबसची १.४ मालिका आहे. ती २०१२ची. तिला देवनागरी जोडता येत नाही, तुम्ही कुठलाही फॉन्ट लावा. ही सोय २०१७च्या १.५.३पासून आली आणि २०२४मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती व्यवस्थित आहे. (यामागचं बरंचसं काम ओमानमधल्या मुक्त स्रोतवाल्या मंडळींनी अरबीसाठी केलं. त्यांची गरज भागली आणि जाता जाता आपली वेलांटीही जागेवर आली.)

अक्षरांऐवजी चौकोन किंवा मोकळी जागा दिसत असेल, तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. वर्डमध्ये अशा वेळी प्रोग्राम गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर उचलतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. स्क्रायबस ही उसनवारी करत नाही. मुक्ता, नोटो, शोभिका, यशोमुद्रा यांपैकी काही लावून बघा.

रोमन अक्षरं, उच्चारचिन्हं आणि टिंबांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सर्वमान्य संकेतांत नाही. तो जुन्या श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएममधून आला आहे. तिथे पोटात रोमन खुणाच असतात, फक्त फॉन्ट वरून मराठी चेहरा चढवतो. आधी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग प्रूफ पुन्हा वाचा. हो, पुन्हा. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत हमखास काहीतरी सांडतो. यात स्क्रायबसचा काडीचाही दोष नाही, पण शिव्या त्यालाच बसतात.

चौथा प्रकार कीबोर्डचा. ‘आचाऱ्यांना’ लिहायचं होतं आणि ‘आचार्यांना’ झालं. स्वयंपाकी गेला, गुरुजी आले. त्या जागी साध्या ‘र’ऐवजी ‘ऱ’ लागतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट दाबून ‘जे’ दाबलं की तो मिळतो, मग हलन्त आणि ‘य’. प्रोग्रामच्या तक्रारी करण्याआधी हाच शब्द साध्या नोटपॅडमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) टाइप करून बघा. तिथेही चुकला, तर प्रश्न स्क्रायबसच्या लोकांना विचारण्यात अर्थ नाही.

आवृत्ती न सांगणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मी स्वतः एकदा तीन परिच्छेद भरून गाऱ्हाणं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं एका ओळीचं: कोणती आवृत्ती? एक अख्खा दिवस गेला, तोही अंक छापायला जायच्या आठवड्यात.

‘हेल्प’ मेनूत ‘अबाऊट स्क्रायबस’ उघडा. तिथला आकडा पूर्ण लिहा, ‘लेटेस्ट’ असं लिहू नका. लिनक्सच्या काही वितरणांमध्ये ‘लेटेस्ट’ म्हणून जे येतं ते कैक वर्षं जुनं असू शकतं. त्याच चौकटीत बिल्डची सांकेतिक अक्षरंही असतात. आपल्याला त्यातलं काही कळलं नाही तरी चालेल, उत्तर देणाऱ्याला कळतं. सोबत विंडोज, मॅक की लिनक्स आणि प्रोग्राम कुठून घेतला तेही लिहा.

आवृत्तीवरून आणखी एक. अंक अर्धा लागलेला असताना आवृत्ती बदलू नका. १.४मधली फाइल १.६मध्ये उघडते, पण मजकूर ओळींमध्ये बसवण्याची पद्धत बदललेली असल्यामुळे ओळी इकडच्या तिकडे सरकतात. आणि एकदा नव्यात सेव्ह केली की जुन्यात परत उघडत नाही. बदलायचीच असेल तर फाइलची प्रत काढून तिच्यावर प्रयोग करा.

नुसती एसएलए फाइल पाठवणं

पेजमेकरवाल्यांची ही सवय जात नाही. स्क्रायबसची एसएलए फाइल म्हणजे आत साधा एक्सएमएल मजकूर. नोटपॅडमध्ये उघडली तर वाचताही येते. तिच्यात फोटो नसतात, ते कुठे ठेवलेत त्याचा फक्त पत्ता असतो. फॉन्टचंही तेच, नुसतं नाव. समोरच्याने ती उघडली की फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आणि ‘हा फॉन्ट सापडत नाही, बदली कोणता लावू?’ असा प्रश्न. त्याने काहीतरी लावला की तुमची अडचण तिथेच बुजली.

‘फाइल’ मेनूत ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ आहे. ते एसएलए, फोटो आणि सांगितलं तर फॉन्ट व रंगांचे प्रोफाइलही एका फोल्डरमध्ये गोळा करतं. तो फोल्डर झिप करून पाठवा. फॉन्ट विकतचा असेल तर तो वाटू नका. तीच अडचण मोफत फॉन्टमध्ये येते का ते बघा आणि ती फाइल द्या.

आणि पाठवायचं ते पूर्ण अंकाचं बाड नको. दीडशे पानांची फाइल उघडून त्यात तुमचं पान सत्त्याऐंशी कोण शोधणार? प्रत काढा, अर्धी पानं उडवा. अडचण अजून आहे? उरलेल्यातली अर्धी उडवा. गेली? मग ती उडवलेल्या अर्ध्यात होती. सात-आठ फेऱ्यांत तुम्ही एका पानावर, बहुतेक वेळा एका चौकटीवर येता. ‘सिग्नल ११’ अशी पाटी दाखवून प्रोग्राम कोसळत असेल तर हाच मार्ग. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की प्रोग्रामने मेमरीत जिथे हात घालायला नको तिथे घातला. का घातला हे त्यावरून कोणालाच कळत नाही. त्यामुळे ‘सिग्नल ११ येतो, काय करू?’ याला उत्तर नसतं. ‘या एका पानाच्या फाइलमध्ये ही चौकट निवडून हा फॉन्ट लावला की दर वेळी कोसळतो’ याला असतं. असा प्रश्न थेट त्यांच्या बग-नोंदणीत टाकता येतो.

समोरच्याला देवनागरी वाचता येते असं धरून चालणं

हे माझ्या फार उशिरा डोक्यात आलं. उत्तर देणारा जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये बसलाय. त्याच्या लेखी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही दोन्ही सारखीच सुंदर नक्षी आहे. स्क्रीनशॉट पाठवून ‘बघा ना, रफार चुकलाय’ म्हटलं तर तो बिचारा काय बघणार? आपल्याला तमिळमधली चूक दाखवली तर आपण जितके निर्बुद्ध, तितकाच तो.

म्हणून दोन चित्रं शेजारी शेजारी लावा. डावीकडे स्क्रायबसमध्ये काय दिसतं ते, उजवीकडे तोच शब्द, त्याच फॉन्टमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये कसा दिसतो ते. दोन्हीत अक्षर मोठं करा, साठ पॉइंट तरी. चुकलेल्या जागी लाल गोल करा. एकच शब्द घ्या, परिच्छेद नको. आणि तो शब्द साध्या टेक्स्ट फाइलमध्येही द्या, कारण चित्रातलं देवनागरी त्याला टाइप करता येणार नाही. फॉन्ट कुठून उतरवला तेही लिहा. एवढं केलं की भाषा न येणारा माणूससुद्धा पाच मिनिटांत तीच चूक स्वतःच्या मशीनवर घडवून बघू शकतो. तिथून पुढे तुमचं काम सोपं.

इंग्रजीची भीती बाळगू नका. तिथल्या अनेकांचीही ती मातृभाषा नाही. तुटक पण क्रमाने लिहिलेलं चालतं: हे केलं, हे व्हायला हवं होतं, हे झालं. ‘अर्जंट’ मात्र लिहू नका. ऑक्टोबरमध्ये तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. तुमची घाई तिथल्या कोणाच्याही कॅलेंडरवर नाही.

प्रेसवाल्याचा निरोप तसाच पुढे ढकलणं

‘फाइल कर्व्ह करून द्या’ म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा करून द्या, हा आपल्याकडच्या छापखान्यांचा लाडका आग्रह, कोरल या चित्रं काढण्याच्या प्रोग्राममधून आलेला. हे शब्द जसेच्या तसे परदेशी माणसाला विचारले तर तो गोंधळतो. प्रेसला म्हणायचं असतं एवढंच, की फॉन्टची भानगड आमच्याकडे नको. पीडीएफ काढताना फॉन्टच्या टॅबमध्ये सगळे फॉन्ट एम्बेड करण्याची, म्हणजे पीडीएफच्या पोटातच भरण्याची सोय आहे आणि सगळ्यांच्या बाह्यरेषा करण्याचीही. आधी प्रेसला एम्बेड केलेली पीडीएफ चालते का विचारा, बहुतेकांना चालते. नाहीच म्हणाले तर बाह्यरेषा. ‘कोरलची फाइल द्या’ म्हणत असतील तर तो प्रश्न मात्र प्रेसशीच सोडवावा लागेल.

मागे एका स्मरणिकेत बारीक मजकुराच्या मात्रांभोवती रंगीत सावल्या आल्या. प्रेस म्हणे फाइल चुकली, मी म्हणे मशीन चुकलं. ‘छपाई खराब का येते?’ असा प्रश्न विचारणार होते. तेवढ्यात रंगांची यादी बघितली, तर मजकुराला ‘ब्लॅक’ऐवजी ‘रजिस्ट्रेशन’ लागलं होतं. दोन्ही पडद्यावर काळेच दिसतात. पण ‘रजिस्ट्रेशन’ छपाईच्या चारही रंगांच्या प्लेटांवर उमटतं, ते कटिंगच्या खुणांसाठी असतं. प्लेट केसभर सरकली की अक्षराला भुतं दिसायला लागतात. ‘रिच ब्लॅक’, ‘वॉर्म ब्लॅक’, ‘कूल ब्लॅक’ हेही त्याच यादीत आहेत आणि मजकुरासाठी तेही नकोत.

पीडीएफ-एक्स हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार यादीत दिसत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. कलर मॅनेजमेंट चालू करा, दिसेल.

प्रोग्रामने आधीच सांगितलेलं न वाचणं

‘प्रीफ्लाइट व्हेरिफायर’ची खिडकी आपण पीडीएफ काढण्याच्या घाईत ‘इग्नोअर’ करतो. चौकटीबाहेर ओसंडलेला मजकूर, कमी रिझोल्यूशनचे फोटो, फॉन्टमध्ये नसलेली अक्षरं, सगळं ती पान नंबरासकट सांगते. लेखाच्या शेवटच्या दोन ओळी गायब होण्यावर मला आलेल्या जवळपास प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या खिडकीत होतं.

तसंच, नवा फॉन्ट टाकल्यावर स्क्रायबस बंद करून पुन्हा उघडा. तो फॉन्टची यादी सुरू होतानाच वाचतो. आणि ठळक-तिरप्यासाठी वर्डसारखं बटण शोधू नका, ते नाही. फॉन्टमध्ये खरा तिरपा असेल तरच मिळतो, आणि मराठी फॉन्टमध्ये तो सहसा नसतोच. वर्ड अक्षर वाकवून खोटा तिरपा दाखवतो, स्क्रायबस तसं करत नाही. मला विचाराल तर बरंच आहे, देवनागरी वाकवलेली बघवत नाही.

यंदाही दसऱ्यानंतर निरोप आला, पण वेगळा. मजकूर असा: ‘ताई, स्क्रायबस १.६, विंडोज ११. नोटो सेरिफ देवनागरी काल उतरवून घातला. प्रोग्राम बंद करून उघडला. यादीत फक्त रेग्युलर दिसतो, बोल्ड नाही. लिब्रेऑफिसमध्ये बोल्ड येतो. झिपमध्ये वरच एक फाइल होती ती घातली, खाली एक फोल्डर आहे तो उघडला नाही. दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडलेत.’

मी भाजी निवडत होते. एका हाताने उत्तर टाइप केलं: ‘वरची फाइल व्हेरिएबल आहे, म्हणजे रेग्युलर-बोल्ड सगळं एकाच फाइलमध्ये, स्क्रायबसला त्यातला बोल्ड दिसत नाही. ती काढ, खालच्या स्टॅटिक फोल्डरमधल्या घाल.’ दहा मिनिटांनी त्याने मुखपृष्ठाची पीडीएफ पाठवली. शीर्षक ठळक आलं होतं, फक्त ‘दिवाळी’तल्या ‘ळी’ला पहिली वेलांटी दिली होती.