एक्सएलएच असलेल्या मोठ्या माणसांनी दात कसे सांभाळावेत

दात किडलेला नाही, मार लागलेला नाही, तरी हिरडीवर पुवाची पुळी येते. एक्सएलएच (एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया) या आनुवंशिक आजारात हे नेहमीचं आहे. 'एक्स' गुणसूत्रावरच्या PHEX (फेक्स) जनुकातल्या दोषामुळे एफजीएफ-२३ हे संप्रेरक वाढतं, मूत्रपिंडं फॉस्फेट लघवीवाटे घालवतात आणि हाडांसारखंच डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, यातही खनिजं नीट भरत नाहीत. त्यात पोकळ्या राहतात, नसेची जागा मोठी असते आणि तिची टोकं पार एनॅमलच्या (दातावरच्या कडक आवरणाच्या) खालपर्यंत पोचलेली असतात. एनॅमलला केसाएवढी चीर पडली किंवा ते थोडं झिजलं, तरी जंतू आत शिरतात आणि नस मरते.

त्यामुळे दुखेपर्यंत थांबायचं नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या आणि आजाराचं नाव लिहिलेला कागद सोबत न्या. अनेक दंतवैद्यांनी असा रुग्ण पाहिलेला नसतो. नुसतं डोळ्यांनी पाहून भागत नाही. मुळाच्या टोकापर्यंतचा एक्स-रे लागतो, शिवाय थंड लावून नस जिवंत आहे का, हेही पाहावं लागतं. दाढांच्या खाचा पातळ रेझिनने बंद करून घ्या आणि रेझिनचा टवका उडाला की पुन्हा भरा. दात फक्त सुंदर दिसावेत म्हणून घासून कॅप बसवायला मात्र सरळ नाही म्हणा. थोडं घासलं तरी नस उघडी पडू शकते.

घरी मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट (भारतात साधारण १००० पीपीएम), दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. शेवटी फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही. या आजारात हिरड्यांचा त्रासही जास्त असतो, म्हणून दातांच्या फटींतून रोज छोटा ब्रश फिरवा. मिश्री, राख, कोळशाची पूड पूर्ण बंद. आजी आयुष्यभर मिश्री लावत असेल, पण तिचे दात वेगळे होते. झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड (रात्री दातांवर बसवायचं कवच) करून घ्या.

फॉस्फेटचं औषध चालू असेल तर ते दिवसातून अनेकदा घ्यावं लागतं. जूली सोल्युशन हे फॉस्फेटचं द्रावण आम्लयुक्त असतं, म्हणून प्रत्येक डोसनंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. दातांसाठी म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका, मूत्रपिंडात कॅल्शियम साचू शकतं.

पुळी आलीच, तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागवू नका. सूज उतरते, पण मेलेली नस आतच राहते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. रूट कॅनाल करता येतं. या आजारात मुळातल्या नळ्या रुंद आणि भिंती पातळ असतात, एवढं करणाऱ्याला आधी सांगा. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास किंवा तोंड न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून लावलेला कृत्रिम दात) अशक्य नाही, पण हाड कच्चं असताना स्क्रू धरत नाही. शस्त्रक्रियेच्या तीन ते सहा महिने आधी आणि नंतर सहा महिने फॉस्फेट व सक्रिय ड जीवनसत्त्व चालू असावं, अशी शिफारस आहे. तारीख ठरवण्याआधी दंतवैद्य आणि हाडांचे किंवा संप्रेरकांचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.