मुलींचा क्लब उभा करून राष्ट्रीय लीगच्या दारापर्यंत कसा न्यायचा

महिला फुटबॉलमध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या मोठ्या स्पर्धा दोन, आणि नव्या क्लबची पहिली गल्लत इथंच होते. राजमाता जिजाबाई करंडक ही राज्यसंघांची स्पर्धा. तिथं मुलगी निवड चाचणीतून राज्याकडून खेळते, क्लबचं नाव कुठं येत नाही. क्लबांचं अजिंक्यपद म्हणजे इंडियन विमेन्स लीग, म्हणजेच आयडब्ल्यूएल. ती २०१६-१७ च्या मोसमात सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद इंफाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननं नेलं. त्यानंतर ओडिशाचा रायझिंग स्टुडंट्स क्लब, मदुराईचा सेतू एफसी, मग लागोपाठ तीनदा गोकुलम केरला (मधला एक मोसम कोविडमुळे झालाच नाही), २०२३-२४ ला ओडिशा एफसी आणि २०२४-२५ ला ईस्ट बंगाल.

आधी ही लीग एखाद्या शहरात सगळे संघ गोळा करून काही आठवड्यांत उरकली जायची. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला लीगच्या वरच्या गटात (पहिल्या डिव्हिजनमध्ये) घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने झाले. आठ संघ असले तर प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने. स्पर्धेच्या तोंडावर इकडून तिकडून मुली जमवून पंधरा दिवस रेटून नेणारा संघ आता टिकत नाही. वर्षभर एकत्र खेळणारा संघ लागतो, आणि तो बांधायला निदान बारा महिने धरा.

वाट अशी आहे: जिल्हा संघटना, राज्याची महिला लीग, राज्य संघटनेकडून नाव पुढे जाणं, मग आयडब्ल्यूएलचा दुसरा गट आणि तिथून वरचा गट. महाराष्ट्रात राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, सगळे तिला विफा म्हणतात. गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. एफसी कोल्हापूर सिटी आयडब्ल्यूएल खेळून आलेला आहे, म्हणजे ही वाट आपल्याकडून गेलेली आहे.

कागद आधी

मैदानावर घाम गाळण्याआधी संस्थेची नोंदणी, संस्थेच्या नावाचं पॅन कार्ड आणि बँक खातं करून घ्या. खातं कुणा पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक नावावर असेल तर प्रायोजक आला तरी पैसे घेता येत नाहीत. खात्यावर दोन सह्या ठेवा. मग जिल्हा संघटनेकडे संलग्नतेचा अर्ज. महिला लीगची तारीख उशिरा जाहीर होते असंच धरून चाला, म्हणजे ऐनवेळी फक्त खेळाडूंची नावं भरायची राहतील.

खेळाडूंची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत होते. तिथं प्रत्येक मुलीला एक कायमचा क्रमांक मिळतो आणि ती कुठंही गेली तरी तोच राहतो. म्हणून आधी विचारा: शाळेत असताना, एखाद्या अकादमीत, वयोगटाच्या लीगमध्ये तुझी नोंदणी झाली होती का? मुलींना बऱ्याचदा आठवत नाही. दुसऱ्यांदा नवीन नोंद केली की दोन क्रमांक तयार होतात आणि अर्ज अडकतो. जुना क्लब असेल तर बदलीची प्रक्रिया नोंदणी-खिडकी, म्हणजे नोंदणीची ठरावीक मुदत, उघडी असतानाच करावी लागते. खिडकी बंद झाली की कितीही चांगली खेळाडू असली तरी बाहेर बसते.

सगळ्यात जास्त अर्ज नावावरून अडतात. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. लग्न झालेल्या खेळाडूंच्या बाबतीत तर आधारवर सासरचं आडनाव आणि सीआरएसमध्ये माहेरचं, हे हमखास घडतं. यावर एकच उपाय: सराव सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यात एक वही करा, प्रत्येक मुलीच्या तिन्ही कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख शेजारीशेजारी लिहा. जिथं फरक दिसेल तिथं त्याच आठवड्यात दुरुस्तीला टाका. मूळ कागद क्लबनं कधीच स्वतःकडे ठेवू नयेत. स्कॅन करून त्याच दिवशी परत द्या. अठराच्या आतल्या मुलींसाठी पालकांची लेखी संमती लागतेच, पण ती घेताना घरी जाऊन बोला. सही मिळते, आणि पुढं परीक्षेच्या दिवसांत मुलीला घरात कोंडलं जात नाही.

किती मुली, कुठल्या जागी

चोवीस ते सव्वीस मुली हव्यात. त्यात गोलकीपर तीन. दोन पुरतील असं वाटतं, पण एकीचं बोट दुखावलं आणि दुसरीची परीक्षा आली की आघाडीची मुलगी हातमोजे घालून उभी राहते. बचावात आठ, मधल्या फळीत आठ-नऊ, पुढं पाच-सहा. त्यात डाव्या पायाच्या दोघी तरी शोधा. त्या सहज मिळत नाहीत.

गोलकीपरवर आम्ही मुद्दाम भर देतो. गोलची कमान सगळीकडे तीच, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. स्थानिक महिला सामन्यांत निम्मी लढाई डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूवर हरली जाते. कारण उंची नव्हे. आपल्याकडे मुलगी कीपर होते ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी, बहुतेकदा धावायला मंद म्हणून, आणि तिला पाय हलवायला कुणी शिकवलेलंच नसतं. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं तिचा वेगळा सराव घ्या. सुरुवात पकडीपासून: छातीच्या वरचा चेंडू घेताना दोन्ही अंगठे जवळजवळ टेकलेले, बोटं पसरलेली, कोपरं किंचित वाकलेली. चेंडू हातात बसल्याचा आवाज जवळजवळ येऊच नये. थप्प आवाज आला म्हणजे हात ताठ आहेत. मग मागे सरकणं शिकवा. उलटं पळू नका, अंग आडवं करून पाय एकमेकांवरून टाकत मागे जा आणि नजर चेंडूवर ठेवा.

सामान

चोवीस जणींना पाच नंबरचे वीस चेंडू, चाळीस मार्कर (मैदानावर खुणेला ठेवायच्या चकत्या), तीन रंगांचे दहा-दहा बिब (सरावात गट ओळखायला वरून घालायची बंडी), एक चांगला पंप आणि सुया पाच. सुया नेहमी हरवतात. फुगवताना दाब ०.६ ते १.१ बार हा नियमातला पल्ला. कडक मैदानावर खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर चेंडू टप्प्यालाच गुडघ्याएवढा उसळतो आणि पहिला स्पर्श कधी सुधारतच नाही.

बुटांत मोठी चूक होते. मुली भावाचे किंवा एक नंबर मोठे बूट घालून येतात, कारण दुकानात बाईच्या पावलाच्या मापाचा बूट मिळत नाही. अंगठ्यापुढं साधारण एक सेंटिमीटर जागा, टाच उचलली जाता कामा नये. मुरमाच्या, तांबड्या मातीच्या मैदानावर लांब पात्यांचे स्टड घालायचे नाहीत. ते जमिनीत रुततात, पाऊल अडकतं, अंग वळतं, आणि वळण गुडघ्यावर येतं. तिथं आखूड रबरी गोळ्यांचा टर्फ बूट घ्या. खेळाची ब्रा हा किटचाच भाग धरा आणि शिनगार्डसारखाच तिचा खर्च क्लबनं करावा.

शॉर्ट्स गडद रंगाच्या शिवा, पांढऱ्या कधीच नकोत. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीत खेळणाऱ्या मुलीचं अर्धं लक्ष चेंडूवर नसतं. इंग्लंडच्या महिला संघानं याच कारणावरून २०२३ मध्ये पांढऱ्या शॉर्ट्स सोडून निळ्या घेतल्या. किटबॅगेत पॅडचं पाकीट, काळी पिशवी आणि एक जादा शॉर्ट कायम असावी, आणि ती कुठल्या कप्प्यात आहे हे प्रत्येकीला माहीत असावं, मागावं लागू नये.

सरावाचा आठवडा

चार दिवस सराव, एक सामना, दोन दिवस पूर्ण विश्रांती. दीड तासापेक्षा जास्त नको. वेळ ठरवताना शेवटची एसटी किंवा लोकल कधी आहे हे आधी पाहा आणि सराव त्याच्या पाऊण तास आधी संपवा. पुरुषांच्या संघानं मैदान सोडल्यावर उरलेला अंधारातला तुकडा मुलींना देऊन संघ उभा राहत नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस पूर्ण मैदान मागा, लेखी मागा.

सरावाची सुरुवात ‘इलेव्हन प्लस’ या फिफाच्या वॉर्म-अपनं करा: वीस मिनिटं, पंधरा व्यायाम. आठ मिनिटं सावकाश धावणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर याचा मोठा अभ्यास झाला आणि दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झाल्या. मुलींना गुडघ्याचा एसीएल (सांध्याला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध) तुटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि बऱ्याचदा तो कुणी धक्का न मारता, उडी मारून उतरताना किंवा झटकन दिशा बदलताना तुटतो.

एक तपासणी आजच करून पाहा. फूटभर उंचीच्या पायरीवरून मुलीला दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात का बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. झुकत असेल तर तिला तिचंच चित्रण दाखवा आणि दोनच गोष्टी सांगा: गुडघे बाहेर, पाय टेकल्याचा आवाज नको. रोज दहा उड्या. सहा आठवड्यांनी पुन्हा चित्रण करा, फरक तिलाच दिसेल.

सराव सामने मोजा. राज्य लीगच्या आधी वर्षभरात पंचवीस तरी पूर्ण ९० मिनिटांचे सामने हवेत. महिला संघ जवळपास नसतील तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या संघाशी खेळा. वेग आणि अंगावर येणं दोन्ही कामाला येतं. मणिपूर आणि ओडिशातल्या मुली वरचढ दिसतात यामागं आमच्या मते हेच आहे: त्या जास्त सामने खेळून आलेल्या असतात.

रक्त आणि जेवण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. तुमच्या संघातही त्या असणारच. साठाव्या मिनिटाला थांबणारी मुलगी ‘फिटनेस नाही’ म्हणून ओरडा खाते, आणि प्रत्यक्षात तिचं हिमोग्लोबिन १० असतं. मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांचं तपासा. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे, गोळ्या स्वतःच्या मनानं नकोत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. जेवणात बाजरी, हरभरा, मटकी, पालेभाजी, चालत असेल तर मासे-मटण, वर लिंबू पिळून. जेवणानंतर तासभर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही.

पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘खेळामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा खाणं शरीराच्या ऊर्जेच्या खर्चापेक्षा कमी पडतं आहे याची ती खूण असते, आणि पुढं हाडं कमजोर होतात. तिला डॉक्टरांकडे न्या, आणि हे विचारायला संघात बाई असू द्या.

मुलींची सुरक्षितता

संघासोबत एक तरी स्त्री व्यवस्थापक असल्याशिवाय बाहेरगावी जायचं नाही. प्रशिक्षकानं अठराच्या आतल्या मुलीशी एकट्यानं खासगी संदेश पाठवून बोलू नये, गटात बोलावं आणि गटात एक पालक असावा. मुक्कामात खेळाडू आणि मोठी माणसं एका खोलीत नाहीत. तक्रार कुणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर मुलींच्या खोलीत चिकटवा. ती व्यक्ती प्रशिक्षक नसावी. अठराच्या आतल्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. क्लबच्या बैठकीत मिटवायचा तो विषय नाही.

स्पर्धेला निघताना

खर्चाचा अंदाज माणसी-दिवसांत काढा. वीस खेळाडू आणि पाच जणांचा चमू दहा दिवस बाहेर राहिला तर २५० माणसी-दिवस. जेवण, मुक्काम, पाणी, स्थानिक प्रवास यांचा माणसी रोजचा आकडा त्याला गुणा, मग रेल्वे वेगळी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. वेळापत्रक हाती येईपर्यंत थांबलात तर पंचवीस जागा एका डब्यात मिळत नाहीत. जाण्याची तिकिटं संभाव्य तारखांवर काढून ठेवा, रद्द करण्याचा भुर्दंड आधीच अंदाजपत्रकात धरा. उतरल्यावर सामन्याआधी दोन रात्रींची झोप मिळायलाच हवी.

एका शहरात गोळा होऊन दोन-तीन दिवसांआड सामने असले तर मिनिटांचा तक्ता ठेवा. सलग तीन सामने पूर्ण ९० मिनिटं कुणीही खेळायचं नाही, कर्णधारसुद्धा. पाच बदली खेळाडूंची मुभा असेल तर तीनच थांब्यांत, म्हणजे खेळ तीनदाच थांबवून, ते करावे लागतात, मध्यंतर त्यात धरत नाहीत. पंचांशी बैठकीत नियम विचारून घ्या, कारण थांबे संपलेले असताना जखमी मुलगी निघाली की दहा जणींवर खेळावं लागतं. सामन्याआधी तीन तास भात-वरण किंवा उपमा, तासाभर आधी केळं. उन्हाळ्यात एका लिटर पाण्यात ओआरएसची एक मोठी पुडी, अर्धी बाटली मध्यंतराला.

प्रत्येक सामना तिपाईवर मोबाइल ठेवून उंचावरून चित्रित करा, मुख्य स्टँडच्या मध्यातून. परतल्यावर तीन दिवसांत प्रत्येक मुलीला तिचे चार-पाच तुकडे कापून पाठवा. त्या चित्रणावर तिला राज्याच्या चाचणीला किंवा मोठ्या क्लबकडे दार उघडतं. मोठ्या क्लबनं मागितली तर बदलीचा कागद त्याच आठवड्यात सही करून द्या.