सेकंडहँड गाडी, दीड लाख किलोमीटर आणि सर्व्हिसचा एकही कागद नाही

अशी गाडी दारात उभी राहिली की तिचं आजवर काहीच काम झालेलं नाही, असं धरून चालायचं. “परवाच ऑइल बदललंय” हे विकणाऱ्याचं वाक्य व्यवहारापुरतं असतं, ते हिशेबात घेऊ नका. मीटरवरही फार विसंबायला नको. आकडा साठ हजार दाखवतोय आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालंय, तर पेडलवर विश्वास ठेवा. मात्र घाबरून एकदम सगळं बदलायलाही निघू नका, नाहीतर गाडीच्या किमतीइतकं बिल गॅरेजवाल्याच्या हातात द्याल.

सोलापुरात पहिला पैसा इंजिन थंड ठेवण्यावर लावावा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३च्या घरात असतो आणि दुपारी सिग्नलला उभ्या गाडीचा रेडिएटर आधीच थकलेला असतो. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना कधीच नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आत हिरवं-गुलाबी कूलंट दिसण्याऐवजी गढूळ तांबूस पाणी असेल, तर आधीच्या मालकानं बोअरचं पाणी ओतत दिवस काढलेत हे उघड आहे. इथं नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळं हाताशी बोअरच असतो. पण त्या जड पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. सगळं काढून साफ करून घ्या, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळून भरा. त्याच वेळी रेडिएटरचा रबरी होज पाईप दाबून पाहा, फुगलेला किंवा भेगाळलेला असेल तर बदला. रेडिएटरचं झाकण आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) स्वस्तातली कामं आहेत, करूनच टाका. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, हे गाडी उभ्या उभ्या चालू ठेवून स्वतः बघा. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर लगेच मेकॅनिकला दाखवा: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील, गेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतं आणि मग खर्चाचं गणितच बदलतं.

दुसरा मुद्दा टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याचा. काही इंजिनांत त्याच्या जागी चेन असते. जुनी सँट्रो किंवा जुनी डिझेल इंडिका असेल तर बेल्ट आहे, स्विफ्ट डिझेलला चेन आहे. तुमच्या इंजिनाला काय आहे ते आधी विचारा. बेल्ट असेल आणि कधी बदलला ते माहीत नसेल तर वाट बघू नका, तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट नवा टाका. तुटण्याआधी तो सहसा काही सांगत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. चेनवाल्या इंजिनात सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येते का, तेवढं कान देऊन ऐका.

ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच, एअर फिल्टरही, डिझेल असेल तर डिझेल फिल्टरही. नवं ऑइल हजार-दीड हजार किलोमीटरला परत काढा. जुना गाळ त्यात सुटून येतो. कुणी “इंजिन फ्लश मारू” म्हणालं तर मी तरी नको म्हणेन. वर्षानुवर्षं बसलेला थर एकदम सुटला तर ऑइल पंपाची जाळीच चोंदते. गिअर ऑइल मात्र आठवणीनं बदला, त्याच्याकडं कुणाचं लक्षच नसतं.

ब्रेकसाठी चारही चाकं उघडायला लावा. पॅड आणि शू दिसतातच, पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि तापलं की त्यात वाफ होते, मग पेडल दाबूनही ब्रेक नीट लागत नाही. तुळजापूरचा घाट उतरताना पेडल खाली जायला नको. काळं पडलेलं ऑइल पूर्ण काढून नवं भरा.

टायरची नक्षी पुरेशी असली तरी वय बघा. बाजूला चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर उन्हाळ्यात हायवेवर नको. स्टेपनीचाही आकडा वाचा, ती बहुतेक गाडीबरोबरच जन्मलेली असते.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, आणि गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर फेरनोंदणी कधी, एवढं परिवहनच्या साइटवर आधीच बघून घ्या. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड, एसीचा गॅस, डेंटिंग-पेंटिंग हे पुढच्या पगारांवर. सीट कव्हर तर सगळ्यात शेवटी.

इतकं झालं की लगेच पुणं गाठू नका. आधी तुळजापूर किंवा अक्कलकोटला जाऊन या. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा आणि सकाळी इंजिन गार असताना कूलंट-ऑइलची पातळी बघा. पुठ्ठ्यावर डाग असेल किंवा पातळी उतरली असेल, तर गाडी परत गॅरेजला न्या आणि पुण्याला एसटीनं जा.