सायकलवरून फिरताना कॅमेरा कुठे ठेवावा?

जवळपासच्या रस्त्यांवर सायकलने रमतगमत फिरताना कॅमेरा हँडलच्या टोपलीत किंवा कॅरिअरवर मोकळा ठेवू नये, कारण चाकांचे हादरे थेट त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि लेन्समधील बारीक स्क्रू सैल होऊ शकतात. पट्टा खांद्यावरून तिरका घेऊन कॅमेरा पाठीवर सरकवावा व दुसऱ्या लहान पट्ट्याने कमरेशी बांधावा, म्हणजे वाकताना तो पुढे येऊन गुडघ्यांवर आदळत नाही. छायाचित्र मात्र थांबूनच काढावे. चालत्या सायकलवरची एकहाती कसरत क्वचितच साधते. चढ चढून आल्यावर धाप लागलेली असताना हात थरथरतो, त्यामुळे शटरचा वेग, म्हणजे छायाचित्र टिपताना शटर उघडे राहण्याचा काळ, १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. समोरून आडवा जाणारा सायकलस्वार टिपायचा असल्यास १/३० सेकंदावर कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत बटण दाबावे. पार्श्वभूमी पुसट होऊन गती उठून दिसते.