वरचा स्लॉट कुठे खर्च करावा

इंदूरला रामबागेत एका मित्राच्या घरी आम्ही दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे फासे टाकत, आपापलं पात्र रंगवत खेळायचा कथेचा खेळ. त्यात जादूगार पात्राला मंत्र टाकायला ठरावीक स्लॉट मिळतात, प्रत्येक स्लॉटला पातळी असते, आणि खालच्या पातळीचा मंत्र वरच्या स्लॉटनेही टाकता येतो. नवा खेळाडू आला की हमखास दिसतं: चौथ्या पातळीचा स्लॉट हाती आला रे आला, की तो फायरबॉलवर, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या मंत्रावर, उधळायचा. तसं करू नका. फायरबॉल मुळात तिसऱ्या पातळीचा, त्याच्या इजेला सहा बाजूंचे 8 फासे. चौथ्या स्लॉटने एकच फासा वाढतो, म्हणजे सरासरी साडेतीन. एवढ्यासाठी सगळ्यात मोठा स्लॉट घालवायचा?

त्यापेक्षा ज्यात माणसं वाढतात तो मंत्र वर चढवा. होल्ड पर्सन दुसऱ्या पातळीवर एकालाच जखडतो, चौथ्या स्लॉटने तिघांना. परवा पोह्यांच्या बशा सरकवून डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तिघा पहारेकऱ्यांना मंत्र झुगारता येतो का ते बघायला वीसबाजूचा फासा टाकला: 4, 7, 18. आकडा कमी पडलेले दोघं जागीच थिजले. आमच्या फायटरने, म्हणजे लढवय्या पात्राने, अगदी जवळून घातलेला, लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल, म्हणजे इजेचे फासे दुप्पट! मात्र मंत्र टाकणाऱ्याला मागे, आडोशाला ठेवा. हा मंत्र त्याच्या एकाग्रतेवर टिकतो; मार लागून ती मोडली की सगळे सुटतात.

मंत्राच्या वर्णनातला शेवटचा परिच्छेद आधी वाचत जा. वरच्या स्लॉटने काय वाढतं ते तिथेच असतं. शील्डसारख्या (बचावाच्या ढालीच्या) मंत्रात तसं काहीच लिहिलेलं नाही, तिथे पहिल्या पातळीचाच स्लॉट वापरा. कॅन्ट्रिपला, म्हणजे हवा तितक्या वेळा टाकता येणाऱ्या साध्या मंत्राला, स्लॉट लागतच नाही; इजा करणाऱ्या बहुतेक कॅन्ट्रिप पात्राच्या 5, 11 आणि 17 व्या पातळीला आपोआप वाढतात.

वॉरलॉक, म्हणजे एखाद्या शक्तीशी करार करून जादू मिळवलेलं पात्र, खेळत असाल तर वरच्या स्लॉटने मंत्र वाढतो का हे निवडतानाच बघा, कारण त्याचे पॅक्टचे, म्हणजे त्या करारातून मिळालेले, स्लॉट सगळे एकाच, वरच्या पातळीचे असतात.