ढिगातलं जुनं जॅकेट ओळखताना या चुका टाळा

जुन्या कपड्यांच्या ढिगातून एखादं जॅकेट हाती लागलं की बहुतेकांचा हात आधी मानेमागच्या लेबलाकडे जातो. पहिली चूक तीच. लेबल कापलेलं असतं, धुऊन पुसट झालेलं असतं, कधी दुसऱ्याच कपड्याचं आणून टाचलेलं असतं. कॉलर, मुंढा, खिसे आणि खालचा काठ बदलायचा खटाटोप मात्र सहसा कुणी करत नाही. प्रकार या चार जागांवरून ठरवा. लेबल वयासाठी राखून ठेवा.

सगळ्यात मोठा घोळ 'बॉम्बर' (मुळात वैमानिकांचं जॅकेट) या शब्दाने घातला आहे. कमरेला विणीची पट्टी दिसली की झालं बॉम्बर! अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाचं १९३१चं ए-२ चामड्याचं असतं, त्याला शर्टासारखी कॉलर आणि खांद्यावर पट्ट्या असतात. खिशांना टिच बटणांची झाकणं असतात आणि हात वरूनच घालावा लागतो. माझ्या पहिल्या 'ए-२'ला बाजूने हात खुपसायचे छान उबदार खिसे होते. म्हणजे ते नंतरच्या फॅशनचं जॅकेट होतं, आणि हे मला फार उशिरा कळलं. नौदलाच्या जी-१ची कॉलर फरची असते, आणि हात पुढे करताना पाठ ताणू नये म्हणून खांद्यांमागे घड्या असतात. एमए-१ नायलॉनचं. त्याची कॉलर म्हणजे नुसती विणीची पट्टी, आणि डाव्या बाहीवर पेनांचा छोटा खिसा. त्याचं नारिंगी अस्तर प्रसिद्ध आहे: विमान पडलं तर वैमानिकाने जॅकेट उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना तो लांबून दिसावा. पण सुरुवातीच्या एमए-१चं अस्तर बाहेरच्याच रंगाचं होतं, तेव्हा नारिंगी नाही म्हणून लगेच नकली ठरवू नका.

चौकड्यांचं अस्तर दिसलं की हॅरिंग्टन, हीही तशीच घाई. मूळ हॅरिंग्टन म्हणजे मँचेस्टरच्या बॅराकुटा कंपनीने १९३७मध्ये काढलेलं जी-९. त्याला फ्रेझर टार्टन या स्कॉटिश चौकड्यांचं अस्तर असतं हे खरं, पण चौकड्या कितीतरी रेनकोटांनाही असतात. त्याऐवजी पाठ बघा. खांद्यांखाली छत्रीच्या कडेसारखा कमानदार पदर हवा. कॉलर उभी, दोन बटणांची. आणि मुंढ्याला गोल शिवण नाही, ती गळ्यापासून बगलेपर्यंत तिरपी उतरलेली. 'हॅरिंग्टन' हे नाव १९६०च्या दशकातल्या एका अमेरिकी टीव्ही मालिकेतल्या पात्रावरून पडलं, त्यामुळे त्याआधीच्या लेबलावर ते असणारच नाही.

डेनिममध्ये लिव्हाइसचे तीन प्रकार सर्रास एकमेकांत मिसळतात. पहिल्याला छातीवर एकच खिसा आणि पाठीमागे बकल. १९५३च्या दुसऱ्याला दोन खिसे, पुढच्या चुण्या तशाच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या तिसऱ्यात चुण्या गेल्या आणि खिशांपासून कमरेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या शिवणी आल्या. खिशांची झाकणंही टोकदार झाली. लाल पट्टीवर LEVI'S असं मोठं ई असलेला माल साधारण १९७१पर्यंतचा.

लष्करी हिरवं, चार खिशांचं जॅकेट म्हणजे अमेरिकी सैन्याचं एम-६५ असं सगळेच म्हणतात. त्याच सैन्याचं आधीचं एम-५१ही तसंच दिसतं, पण त्याची कॉलर शर्टासारखी पडते. एम-६५ची कॉलर उभी राहते, तिच्यात चेन आणि आत गुंडाळलेली टोपी असते. मनगटाला वेल्क्रो असतं. लेबलावर डीएसए-१००-६८-सी असा कंत्राट क्रमांक सापडला तर मधला ६८ हे आर्थिक वर्ष. लेबल शाबूत असूनही त्यावर असा क्रमांकच नसेल तर बहुधा बाजारातली नक्कल.

कोच जॅकेट ओळखणं सोपं: पातळ नायलॉन, पुढे टिच बटणं, खालच्या नेफ्यात नाडी.

आता वयाचं. अमेरिकी लेबलावरचा आरएन क्रमांक कंपनीच्या नोंदणीचा असतो, कपड्याचा नाही. जुन्या क्रमांकाखाली कालपरवाचं जॅकेटही निघू शकतं. चेनवर वायकेके दिसलं म्हणून जॅकेट नवं ठरत नाही. ती कंपनी १९३४पासूनची आहे. शिवाय चेन बदललेली असू शकते. पट्टीच्या कडेला सुयांची रिकामी भोकं दिसली तर समजा बदलली, आणि वयाचा पुरावा दुसरीकडे शोधा. धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल अमेरिकेत १९७२पासून सक्तीचं झालं. ते नसलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मानेला टोचतं म्हणून लोक कापून टाकतात.

एवढं करूनही काही जॅकेटं कुठेच बसत नाहीत: कॉलर एकाची, खिसे दुसऱ्याचे. अशांवर ओढूनताणून नाव चिकटवू नका. 'हॅरिंग्टन पद्धतीचं, काळ अंदाजे' एवढं लिहून फोटोत पाठ, मुंढा आणि अस्तर दाखवलं की जाणकार पुढचं स्वतः ओळखतो.